रंगाखालचं लोखंड

ट्रकभोवती माणसं दाटली होती, पण पत्र्याला हात लावायला कुणी धजत नव्हतं. ट्रकतळाच्या फाटकापाशी थोरल्या भावाची विधवा गाठोडं घेऊन उभी होती. दिवस मावळायच्या आत तिनं घर सोडायचं, असा हुकूम होता.

हुकूम मौनीबाबांचा. नाव मौनी, पण तोंडाला कुलूप कसलं ते ठाऊक नाही.

"मेलेला ड्रायव्हर गाडीतच बसलाय! बायकोच्या पायगुणानं गेला, म्हणून तळमळतोय. धाकट्या, घाल साद!"

धाकट्यानं केबिनचं दार उघडून माइक हातात घेतला. दोघा भावांनी परीक्षा देऊन हौशी रेडिओचा, म्हणजे बिनतारी यंत्रावरून दूरच्यांशी बोलण्याचा, परवाना काढला होता. थोरला तापानं गेला. ट्रक आणि त्यातला रेडिओ धाकट्याकडे आले. त्यानं माइकचं बटण दाबलं.

"दादा..."

ओठांना चटका बसला. दिवे लुकलुकले. गाडीतल्या टेपमध्ये कॅसेट नव्हती, तरी तिच्या स्पीकरमधून घोगरं, चिरकं काहीतरी उमटलं, "द्... दा..."

"हाकेला ओ आली!" बाबा गरजले.

गर्दी मागं सरली. एका क्लीनरनं दगड उचलला आणि फाटकाकडे पाहिलं.

वहिनी चालत पुढं आली. "भावजी, जायचं तर जाईन. हे कधीपासून होतंय?"

"दादाचं महिन्याचं श्राद्ध झालं, तेव्हापासून."

"म्हणजे गाडी रंगवल्यापासून."

धाकट्यानं टपावरच्या अँटेनाकडे पाहिलं. भावाच्या गाडीवर गंजाचा ठिपका राहू नये, म्हणून त्यानं अँटेना उतरवून तिच्या बैठकीखालीही रंगाचे दोन जाड हात दिले होते.

"ह्यांनी अँटेना बसवली तेव्हा पाना मी धरला होता. आधी रंग खरवडला. म्हणाले, गाडीचा पत्रा म्हणजे अँटेनाचं दुसरं अंग. मध्ये रंग आला की रेडिओची लहर वाट चुकते आणि माइकच्या तारेवरून आत शिरते. मग ओठ भाजतात, टेपही बोलते." तिनं गाठोडं खाली ठेवून त्यातली सुरी काढली आणि पान्यानं अँटेना सैल केली.

"बाई, पत्र्याला सुरी लावलीस तर कोप होईल!" बाबा ओरडले.

"झाला तर मला होईल. तुम्ही लांबच उभे राहा. तसेही उभेच आहात."

ती अँटेनाच्या बैठकीखाली खरवडत राहिली. लोखंड चकाकलं. चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, जाणारी जाड पट्टीही तिनं घासली, नट आवळले.

"बोला."

"दादा..."

चटका नाही. दिवे स्थिर. स्पीकर मुका. मग रेडिओतून दूरचा, अनोळखी, स्वच्छ आवाज आला, "कोण बोलतंय? महिनाभर नुसती खरखर होती. आज शब्द कळतोय."

धाकट्यानं माइक खाली ठेवला. भावाचा म्हणून ज्या आवाजाला तो भीत होता, तो त्याचा स्वतःचाच होता. बाबा गर्दीतून निघाले, पहिल्यांदाच मौन पाळून.

धाकट्यानं गाठोडं उचललं. "चला घरी, वहिनी."

"चलते. आधी त्याला दगड खाली ठेवायला सांगा."

दगड अजून क्लीनरच्या हातातच होता. चमत्कार दिसला की आपल्यालाही असाच दगड आधी सापडतो. त्याऐवजी हाती पाना घ्यावा, नट उघडून पाहावा, आणि मग बोलावं.