मुळ्याच्या फोडी

“नव्या दाढेशेजारच्या त्या दातावर लक्ष ठेवा. आतून मेल्यासारखा वाटतोय,” डॉक्टर सांगत होते, आणि बोरा खुर्चीखाली वाकून दाओनचा बूट शोधत होती.

“दुखतो का, आई?” तिने खालूनच विचारलं.

“छे गं, मुळीच नाही,” सासूबाई म्हणाल्या.

न दुखणाऱ्या दाताची काळजी कोण करतं? बोराने हो-हो म्हटलं आणि लेकीच्या पायात बूट चढवला. त्या वसंतात सासूबाईंना, मालसुनबाईंना, दाढेचं इम्प्लांट बसवून दिलं, हीच मोठी गोष्ट होती. गावातल्या म्हाताऱ्यांच्या बैठकीत त्या आ वासून दाखवायच्या, “सुनेनं करून दिलंय!”

थंडी पडली तशी किमची, म्हणजे मुळा-कोबीचं तिखट लोणचं, घालायला बोरा गुन्सान शहराजवळच्या सासूबाईंच्या गावी गेली. आजीच्या मांडीवर खेळता खेळता दाओनने तिचा ओठ ओढला. मालसुनबाई कळवळल्या. नव्या दाढेखाली, हिरडीच्या पार तळाशी, तांदळाच्या कणीएवढी पांढरी पुळी होती.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच खुर्ची.

“पण दाढ तर जराही हलत नाही,” बोरा म्हणाली. “आणि आतला स्क्रू धातूचा. धातूला कीड कशी लागेल?”

“धातूला नाहीच लागलेली.” डॉक्टरांनी एक्स-रेवर बोट ठेवलं. स्क्रूच्या टोकाशी काळपट सावली होती, आणि ती सरकत सरकत शेजारच्या दाताच्या मुळाखाली गेली होती. “वरून सगळं ठणठणीत. पू टोकाशी आहे, आणि आलाय या शेजाऱ्याकडून.”

बोराने एक्स-रे जवळून पाहिला. नवी दाढ निर्दोष, जुना दात मुका. मग दुखत होतं ते नेमकं कुठे?

“आधी या दाताचं रूट कॅनल. मग हिरडी उघडून टोकाभोवतीची घाण खरवडून, धुऊन काढू. इम्प्लांट बहुतेक वाचेल. कधीपासून दुखतंय, आजी?”

“दुखतंय कुठं?” मालसुनबाईंनी गालावरचा हात काढला. “शेजारणीच्या नादानं चांगली सून बिघडली म्हणायची, दुसरं काय!”

बोरा हसली. डॉक्टर हसले नाहीत.

घरी आल्यावर ती नव्या किमचीला फ्रिजमध्ये जागा करू लागली. तळाच्या डब्यात सासूबाईंनी मागच्या हिवाळ्यात चिरलेला मुळा होता, चांगल्या अंगठ्याएवढ्या फोडी. उन्हाळ्यातल्या डब्यात नखाएवढ्या. कालच्या डब्यात तर चुराच. ‘नातीसाठी आजी किती बारीक चिरते बघा,’ असं लिहून तिने उन्हाळ्यात त्या नखाएवढ्या फोडींचा फोटो वस्तीतल्या आयांच्या मोबाइल गटावर टाकला होता.

दाओनने डब्यात डोकावून लाल रंग पाहिला आणि नाक मुरडलं. तिने अजून तिखट चाखलंही नव्हतं. मग इतक्या बारीक फोडी कुणाच्या दातांसाठी होत्या?

बोरा तिथेच जमिनीवर बसली. फ्रिजचं दार उघडंच राहिलं. मग तिने तो जुना फोटो शोधला आणि त्याखाली लिहिलं :

‘आज जेवताना तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाकडे बघा. कुठल्या बाजूने चावतात, तेवढंच बघा. दुखत नाही म्हणाले, तर पुन्हा एकदा विचारा.’