अंगठ्यावरची जळू

थोरल्याचा राग म्हणजे तापलेलं दूध. उतू जाताना कुणाला विचारत नसे. त्या सकाळी मटणाच्या दुकानात धाकटा भाऊ एवढंच म्हणाला, "दादा, मी वेगळं दुकान घालतोय. समोरच."

थोरला ओंडक्यावर फासळ्या तोडत होता. "समोरच? म्हणजे मी इथं माश्या मारत बसू?"

"आत्ता तरी दुसरं काय मारतोस? थापाच ना?"

गिऱ्हाईक फिसकन हसलं. ते हसू विरायच्या आत थोरल्यानं धाकट्याची गचांडी धरली, धाकट्यानं त्याच्या तोंडात भडकावली, दोघे ओंडक्यावर आदळले आणि थोरल्याच्या हातातला सत्तूर खाली आला. भावाला मारायचं होतं की नुसता ओंडक्यावर आपटायचा होता, हे थोरल्याला पुढे कधीच सांगता आलं नाही. सत्तुराला असले बारकावे कळत नाहीत. धाकट्याचा उजवा अंगठा फासळ्यांच्या तुकड्यांत जाऊन पडला.

मांस नासू नये म्हणून जे जन्मभर केलं, तेच थोरल्यानं केलं. अंगठा उचलला, धुतला आणि पेटीतल्या बर्फात खोल पुरला. मग फडक्यानं भावाचा हात आवळला, एका काखेत भाऊ, एका काखेत पेटी घेऊन दवाखान्याकडे धावत सुटला.

"उघडाच बर्फात ठेवलात?" डॉक्टरीणबाईंनी पेटीत पाहत विचारलं. "ओल्या फडक्यात गुंडाळून, पिशवीत घालून, मग बर्फावर ठेवायचा असतो. बर्फानं मांस पोळतं."

"आमचं कधी पोळलं नाही."

"तुमचं पुन्हा जोडायचं नसतं."

अंगठा जोडला खरा. पण संध्याकाळी तो वांग्यासारखा जांभळा पडून टरारून फुगला. बाईंनी थोरल्याला समजावलं. धमनी शिवली, रक्त आत येतंय. पण परत नेणाऱ्या बारीक शिरा बंद पडल्यात. नव्या शिरा फुटायला काही दिवस लागतील. तोवर तुंबलेलं रक्त कुणी बाहेर काढलं नाही, तर अंगठा कुजणार.

ते काढणारी काचेच्या बरणीतून आली. काळपट हिरवी, पाण्यात रेशमाच्या दोरीसारखी लहरणारी जळू. बरणी आणणाऱ्या सिस्टरला सगळा वॉर्ड जळूताई म्हणायचा.

"हिला तीन जबडे," म्हणत जळूताईनं अंगठा साध्या पाण्यानं पुसला; औषधाचा वास आला तर जळू तोंड लावत नाही. "चावताना बधिर करते. लाळेनं रक्त गोठू देत नाही, त्यामुळे ही सुटल्यावरही तासन्‌तास पाझरत राहतं. खरं काम तेच. सासूपेक्षा बरी हो, पोट भरलं की आपणहून सोडते."

थोरला हसला नाही. "आणि चावलीच नाही तर?"

"तर आत रक्त येत नाही म्हणायचं. मग अंगठा गेला."

जळूनं बर्फानं पोळलेल्या टोकाला तोंड लावलं. मागे घेतलं. चांगल्या तळव्याकडे सरकू लागली. जळूताईनं तिला उचलून नखाच्या मुळाशी आणलं, सुई टोचून रक्ताचा थेंब काढला. जळू थबकली, मान वाकवली आणि रुतली. तिच्या अंगावरून लाटेमागून लाट जाऊ लागली.

तेवढ्यात धाकटा शुद्धीवर आला. आधी त्याला जळू दिसली, मग भाऊ.

"बर्फात पुरलास?" तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. भूल चढण्याआधी बाईंचं बोलणं त्याच्या कानावर गेलं होतं. "मुद्दाम पुरलास. मी दुकान घालू नये म्हणून."

"तसं नाही रे, मला वाटलं..."

धाकट्यानं डाव्या हातातली सलाईनची सुई दातांनी उपटली, उशाची स्टीलची थाळी उचलली आणि थोरल्याच्या तोंडावर हाणली.

"त्याचा उजवा हात धरा, सोडू नका!" जळूताई धाकट्याच्या पायांवर पडत ओरडली. "झटका बसला तर टाके तुटतील!"

थोरल्यानं भावाचं उजवं मनगट दोन्ही मुठींत घट्ट दाबून धरलं. दुसरा घाव भुवईवर बसला. तिसरा नाकावर, हाड कडकन वाजलं. जन्मात कुणाचा एक फटका उधार न ठेवणारा तो माणूस मान खाली घालून मार खात राहिला. डोळ्यांत रक्त उतरलं, जळू दिसेनाशी झाली, पण बोटांखाली भावाची नाडी उडत होती, पिंजऱ्यात अडकलेल्या चिमणीसारखी. ती त्यानं सोडली नाही.

थाळी चेपली तेव्हा धाकटा दमला. जळू फुगून बोटाएवढी झाली होती. काही वेळानं ती आपोआप गळून पडली. जखमेतून आधी काळं रक्त पाझरलं, मग लाल. जळूताईनं जळू चिमट्यानं स्पिरिटमध्ये टाकली. एका रोग्याची जळू दुसऱ्याला लावत नाहीत. ती दोनदा पिळवटली आणि सैल पडली.

जांभळा रंग नखाच्या मुळापासून जरासा उतरला होता. टोक मात्र काळंच होतं.

"बरा झालो ना, की याच हातानं तुला फाडीन," धाकटा म्हणाला.

थोरल्यानं तुटका दात थाळीत थुंकला. "फाड. आधी सत्तूर तर धरता येऊ दे." मग जळूताईकडे वळून म्हणाला, "बाई, दुसरी आणा."

धाकट्यानं डावी मूठ पुन्हा उगारली. उजवा हात मात्र त्यानं थोरल्याच्या मुठींतून काढून घेतला नाही.