राजकुमारचा जुना नंबर

लॅपटॉप दुरुस्त करायला एक दुपार पुरते असं सांगणाऱ्या माणसाला एकदा माझ्याबरोबर फिरवायला हवं. माझी सगळी नोकरी तहसील कचेरीत गेली. लोकांना चकरा मारायला कसं लावतात हे मला कोणी शिकवायला नको. पण त्या बंद पडलेल्या डबड्याने मला जे फिरवलं, तसं आमच्या कचेरीनेही कधी कुणाला फिरवलं नसेल.

लॅपटॉप माझ्या बायकोचा, शैलजाचा. ती तिसरीला शिकवायची. लॉकडाऊनमध्ये शाळा बंद होती तेव्हा तिने घरात बसून मराठीचे, गणिताचे धडे रेकॉर्ड केले आणि पोरांच्या आईबापांच्या मोबाइलवर पाठवले. पुढे तिच्या घशाचं ऑपरेशन झालं. अकोल्याच्या डॉक्टरांनी जीव वाचवला, पण स्वरयंत्र काढावं लागलं. तेव्हापासून ती पाटीवर लिहून बोलते. आमच्या लग्नाच्या कॅसेटमध्ये नुसती वाजंत्री आहे. जुने मोबाइल मोडीत गेले. पोरांच्या आईबापांनी मोबाइलमध्ये जागा नाही म्हणून ते धडे केव्हाच पुसले होते; मी घरोघर विचारून आलो. तिचा आवाज जगात उरला होता तो फक्त त्या लॅपटॉपमध्ये.

तो ऐकायचा धीर तिला इतके दिवस झाला नव्हता. मीही कधी विषय काढला नाही. दिवाळी झाली आणि एका सकाळी तिने पाटी माझ्यापुढे धरली. ‘धडे लावा. ऐकते.’

मी बटण दाबलं. पांढरं वर्तुळ गरगर फिरलं, पडदा निळा झाला, पुन्हा वर्तुळ. दुपारपर्यंत हेच. शेवटी मी त्याला एक चापट मारली, तर हिने पाटीवर लिहिलं, ‘तो तिसरीतला नाही. मारून काही होणार नाही.’

स्टेशन रोडवर रेणुकाचं दुरुस्तीचं दुकान आहे. आम्ही दोघं तिथे गेलो. बाई कामाला चोख, पण बोलायला फटकळ. तिने लॅपटॉप उघडला, पेन ड्राइव्ह लावला, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, “काका, विंडोज खराब झालं. नवं टाका लागते.”

“टाक ना मग.”

“टाकतो. पन तसंच टाकलं त आतलं सारं पुसल्या जाईन. आधी तुमचं सामान बाहेर काढून ठेवू, मंग टाकू. आन् सामान काढाले गेलो त डिस्कले कुलूप हाये.”

“मी कुठलंही कुलूप लावलेलं नाही.”

“तुमी नाई लावलं. खातं उघडलं तवा त्यानं सोताच लावलं. चोरानं नेला त त्याले आतलं दिसू नये म्हनून.”

“चोराला नको, ठीक आहे. पण मालकाला?”

“मालकाजवळ किल्ली अस्ते ना. अठ्ठेचाळीस आकडी. ती ऑनलाइन खात्यात ठेवेल राह्यते. खातं खोला, किल्ली आना.”

मी शैलजाकडे पाहिलं. तिने खांदे उडवले. खातं तिच्या नावाचं होतं, पण ते तिने उघडलंच नव्हतं. आमच्या भागात खातं कोणी स्वतः उघडतं का? बाजाराजवळ राजकुमारचं ऑनलाइन सेंटर आहे. फॉर्म, दाखले, रेल्वेचं तिकीट, ईमेल, सगळं तोच करून देतो. लॅपटॉप नवा घेतला तेव्हा आम्ही पेढ्यांसकट तो त्याच्याच टेबलावर नेऊन ठेवला होता.

रेणुकाने पासवर्ड विसरल्याचं बटण दाबलं. पडद्यावर आलं की मोबाइलवर ओटीपी पाठवतो, आणि शेवटचे दोन आकडे दाखवले. ते शैलजाच्या मोबाइलचे नव्हते. माझ्याही नव्हते. माझ्या डोक्यात तिडीक गेली. लॅपटॉप तिथेच ठेवून मी तडक राजकुमारकडे गेलो.

“हाव, तो माहाच नंबर,” राजकुमार चहा पीत म्हणाला. “मी सर्‍याईच्याच खात्यात माहाच टाकतो.”

“काऊन पण?” रागाच्या भरात माझ्याही तोंडून ‘का’च्या जागी ‘काऊन’ निघालं.

“लोकं नंबर बदलतात ना काका. मंग ओटीपी येत नाई, मंग माह्या डोक्याले ताप.”

“बरं. मग आता ओटीपी येईल तो मला सांग.”

“आता नाई येनार. म्या नंबर बदलला.”

मी खुर्चीत बसलो. त्याने माझ्यासाठी चहा मागवला. तो चहा त्याच्या अंगावर ओतावा असं मला मनापासून वाटलं.

“म्हणजे आख्ख्या बाजाराची खाती तुझ्या बंद नंबरावर?”

“बंद नाई, कोनाले तरी दुसर्‍याले देऊन टाकला कंपनीनं. आतापर्यंत कोनाले काम नाई पडलं, तुमालेच पडलं.”

जणू चूक माझीच होती. मी तिथूनच त्या नंबराला फोन लावला. एका म्हाताऱ्या बाईने उचलला. मी अगदी गोड आवाजात म्हटलं, “आजी, तुमच्या मोबाइलवर आता एक आकडा येईल, तेवढा मला सांगा.”

“मेल्या, तुले काय वाटलं, मी येडी हावो?” आणि फोन बंद.

दुसऱ्यांदा लावला तेव्हा तिने माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तिसऱ्यांदा मी म्हटलं, मी चोर नाही, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेला माणूस आहे. “सारे चोर हेच सांगतात,” ती म्हणाली. “पोलिसाईनं बजावलं हाये, आकडा कोनाले सांगाचा नाई. तुयात हिंमत असंन त तोंड दाखवाले ये! संग्रामपुरात तानुबाई म्हनून कोनालेही इचार.”

रागात का होईना, पत्ता तर मिळाला. घरी येऊन शैलजाला सांगितलं तर तिने पाटीवर लिहिलं, ‘बाई शहाणी आहे. जाऊ या.’

दुसऱ्या दिवशी एसटीने जळगाव जामोद, तिथून दुसऱ्या गाडीने संग्रामपूर. रस्ताभर मी राजकुमारला, त्या कुलपाला, ज्याने ते शोधून काढलं त्याला शिव्या घालत होतो. शैलजा खिडकीबाहेर कपाशी पाहत होती. ती घाबरली होती हे मला कळत होतं. किल्ली मिळेल की नाही याची भीती होतीच, पण मिळाली तर तो आवाज ऐकावा लागणार याचीही होती. मलाही तीच भीती होती, म्हणून तर मी इतका ओरडत होतो.

तानुबाई ओसरीत शेंगा फोडत बसली होती. मी नाव सांगितलं, आधार कार्ड पुढे केलं, सगळी हकीकत सांगितली. ती माझ्याकडे बघेचना. शैलजाकडे बघत होती.

“बाई काऊन बोलत नाई?”

मी कारण सांगितलं. शैलजाने पदर जरा बाजूला करून गळा दाखवला. परक्या माणसासमोर ती तो कधी उघडा ठेवत नाही.

“बाप्पा!” तानुबाईच्या हातातली शेंग खाली पडली. “अन् त्या डब्यात हिचा आवाज हाये?”

“हो.”

“मंग पह्यलेच सांगाचं ना!”

“तुम्ही बोलू दिलं का?”

मी रेणुकाला फोन करून ओटीपी पाठवायला सांगितलं. तानुबाईचा मोबाइल वाजला. मी हात पुढे केला तर तिने मोबाइल छातीशी धरला.

“आकडा सांगाचा नाई म्हंजे नाई. तुले त नाईच नाई. खातं कोनाचं?”

“हिचं.”

“मंग ही पाह्यन. जिचा आकडा तिनं पाहा. मी काई सांगतलं नाई.”

आणि ती मान फिरवून शेंगा फोडायला लागली. शैलजाने आकडा पाहिला आणि स्वतःच्या मोबाइलवरून रेणुकाला लिहून पाठवला. जरा वेळाने उत्तर आलं, ‘किल्ली भेटली.’ तानुबाईने आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. वर मला बजावलं, “लोकाईचे आकडे दिवसभर येतात माह्यावर. तो कोन राजकुमार हाये, त्याले इकडं धाडून देजा.” मी आनंदाने कबूल केलं.

पुढचे दोन दिवस रेणुकाने काम केलं. कुलूप उघडलं, सगळं सामान दुसऱ्या डिस्कवर काढलं, ते उघडतं की नाही हे तपासलं, मग नवं विंडोज टाकलं आणि सामान परत भरलं. तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दुकानात गेलो. दिवाळी होऊन गेली तरी उकाडा होता, वर पंखा खडखडत होता. रेणुकाने स्टूल दिले आणि विचारलं, “लावू का?”

शैलजाने पाटी मांडीवर पालथी ठेवली. माझा हात धरला. रेणुकाने पहिला धडा लावला.

आधी नुसती खरखर. मग आवाज.

“बालमित्रांनो, नमस्कार. आज आपण वजाबाकी शिकणार आहोत. समजा, माझ्याजवळ नऊ बोरं...” तिथे आवाज थांबला. आणि मग एकदम चढला. “अहो! मी इथे बोलतेय ना? पंखा बंद करा तो! कितीदा सांगायचं?”

मी उठलो आणि बटण दाबलं.

वरची खडखड थांबली. धडा पुढे चालला होता, बोरांतून चार बोरं वजा होत होती. शैलजा माझ्याकडे बघत होती. तिचे खांदे हलत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती.

“काका,” रेणुका म्हणाली, “येवढ्या गर्मीत पंखा काऊन बंद केला?”

मी म्हटलं, “ही म्हणाली ना.”