वुरीने वाचवलेले दोन तास

माझी थोरली बहीण वुर्यानी, म्हणजे आमची वुरी, सरकारी इस्पितळाच्या औषधभांडारात काम करते. तिथल्या हजार औषधांतलं हवं ते ती डोळे मिटून काढून देईल. घरी मात्र तिला मीठ सापडायचं नाही.

घर आमच्या आईचं, इबूचं. इबूने जावातल्या सालातिगात चाळीस वर्षं स्लामेतानच्या जेवणावळी रांधल्या. कुणाचं बारसं, कुणाच्या मृत्यूचा चाळिसावा दिवस, शंभर माणसांचा भात इबूच्या चुलीवरून जायचा. काम थांबलं तरी भांडी घरातच राहिली. भात वाफवायची अकरा मोठी पातेली, साठ ताटल्या, फणसाएवढ्या कढया. आणि जिन्नस ठेवायच्या जागा तिच्या तिलाच ठाऊक. साखर बिस्किटांच्या डब्यात, बिस्किटं प्रेशर कुकरमध्ये, सुक्या मिरच्या शिवणयंत्राच्या खणात, धारेची सुरी तांदळाच्या पिंपामागे खिळ्याला.

वुरीचा नवरा मालवाहू जहाजावर असतो, वर्षातून दोनदा येतो. वडील गेल्यापासून घरात या दोघीच. वुरी सकाळी सहाला निघायची, पाचला परतायची. मग शोधाशोध, स्वयंपाक, भांडी, इस्त्री. इबू ओसरीवर बसून हाक मारायची, "न्दुक, पोरी, जरा बस की माझ्याजवळ."

"आलेच, इबू. एवढं झालं की."

एका संध्याकाळी मी गेले होते. मी दोन गल्ल्या पलीकडे राहते. माझ्यादेखतच इबू वुरीला म्हणाली, "तू इथे राहतेस की नुसती येऊन जातेस गं?"

पुढच्या रविवारी वुरी वही घेऊन माझ्याकडे आली. आठवडाभर तिने घड्याळ लावून लिहून ठेवलं होतं. वस्तू शोधण्यात रोजची चाळीस मिनिटं. रोज नव्याने स्वयंपाक, दीड तास. ज्या ताटल्यांत कुणी जेवत नाही त्यांवरची धूळ पुसण्यात वीस मिनिटं.

"पालुपी, आवरलं तर रोजचे दोन तास सुटतात," ती म्हणाली. "पाच ते सात. ते दोन तास मी इबूजवळ बसेन."

"म्बाक," मी म्हटलं, थोरल्या बहिणीला आमच्याकडे असंच म्हणतात, "इबू तुला हात लावू देईल का?"

"बडबडेल. पण बसायला मी मिळणार म्हटल्यावर देईल."

ईदला जोडून चार दिवस सुट्टी होती. आम्ही पदर खोचला. वुरीने आधी सगळ्या स्वयंपाकघराचे फोटो काढले. तिच्या इस्पितळातल्या बायकांना 'आधी' आणि 'नंतर' दाखवायचं होतं. मग दोघींनी मिळून सगळं अंगणात काढलं. इबू ओसरीवरून बघत होती.

"मी मेल्यावर करायचं ते आत्ताच करताय होय? बरंय, मलाही बघायला मिळेल."

"इबू, तुम्ही नुसत्या बसा," वुरी हसत म्हणाली.

पातेली शेजारच्या बू कासिनाने नेली. "तुझी थोरली घर आवरतेय की घर सोडून चाललीय?" तिने इबूला विचारलं. इबू म्हणाली, "तिलाच विचार. माझ्या घरात आता मीच पाहुणी." सगळे हसलो. त्या चार दिवसांत इबूने मला तीनदा विचारलं, साखर कुठे गेली. मला वाटलं, टोमणा मारतेय.

एक नवं कपाट आलं, एकसारख्या काचेच्या बरण्या आल्या. माझं अक्षर चांगलं, म्हणून चिठ्ठ्या मी लिहिल्या. साखर. मीठ. चहा. मिरची. ताटल्या सहाच ठेवल्या. भाज्या, मसाल्याची वाटणं रविवारीच करून डब्यांत गोठवायची असं ठरलं.

आणि खरंच, दोन तास सुटले. पहिले दहा-बारा दिवस मी मुद्दाम पाचनंतर जाऊन बघून यायचे. ओसरीवर दोघी, मध्ये चहा आणि गरम टेम्पेच्या भज्यांची ताटली. इबू जुन्या जेवणावळींच्या गोष्टी सांगत असायची. वुरी पाय पसरून ऐकायची. इतकी निवांत मी तिला लग्नाआधीही पाहिली नव्हती.

तिसऱ्या आठवड्यात एकदा मी दुपारी गेले. इबू स्वयंपाकघरात मधोमध उभी होती. गॅस पेटलेला, वर काहीच नव्हतं. तिचा उजवा हात भिंतीवर चाचपत होता, जिथे आधी तांदळाचं पिंप होतं तिथे.

मी धावत जाऊन गॅस बंद केला. "काय हवंय, इबू?"

"सुरी."

"ती आता खणात असते. आणि बरण्यांवर नावं लिहिलीत ना, वाचा की."

तिने एका बरणीजवळ तोंड नेलं. एकेक अक्षर लावत वाचलं, "सा-खर." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "कोणाची?"

मी वुरीला सांगितलं. ती म्हणाली, "नवीन आहे सगळं, सवय होईल." सवय झाली नाही. इबू हळूहळू स्वयंपाकघरात जायचीच बंद झाली. दाराशी बाकावर हात मांडीवर ठेवून बसायची, कुणी चहा विचारला तर संकोचून हो म्हणायची. आणि एका संध्याकाळी, ओसरीवर, वुरीने पुढे केलेला कप घेत ती म्हणाली, "तुमचं घर फार नीटनेटकं आहे हो. तुम्ही मूळच्या कुठल्या, बू?"

आयुष्यभर 'तू' आणि 'न्दुक' ऐकलेली वुरी, तिला आज परक्या बाईला म्हणतात तसं 'बू'. ती म्हणाली, "इथलीच." आणि आत निघून गेली.

वुरीने इबूला जिला दाखवलं ती डॉक्टरीणबाई वयाने लहान होती, पण समजुतीने बोलली. विसरण्याचा हा आजार दोन-तीन वर्षांचा असावा. हाताला जागा पाठ होत्या, त्यामुळे तो कुणाला दिसला नाही. "तुम्ही आवरल्यामुळे आजार झाला नाही," ती वुरीला म्हणाली. "फक्त ज्याच्या आधाराने त्या चालत होत्या ते निघालं."

"मग होतं तसं परत ठेवलं तर?"

"ठेवून बघा," ती म्हणाली आणि कागदावर औषध लिहू लागली. ते औषध वुरीच रोज दहा-बारा जणांना देते. त्याने किती फरक पडतो ते तिला माहीत होतं.

वुरीने दोन दिवस रजा टाकली. बू कासिनाने पातेली परत आणून दिली. दोन तिने लेकीकडे गावी पाठवली होती, तर त्यांच्याऐवजी स्वतःची दिली. आम्ही फोटो समोर ठेवून एकेक वस्तू जागेवर लावायला घेतली. पण फोटोत कपाटांच्या आतलं दिसत नव्हतं.

"लसणाची टोपली कुठे होती?" वुरी विचारायची.

"खिडकीत."

"नाही गं, दारामागे."

"मग दारामागे काय होतं?"

दोघींनाही सांगता येईना. आम्ही त्या घरात वाढलो, पण ते नीट बघितलं होतं एकट्या इबूने.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिला हाताला धरून आत आणलं. वुरी चुलीपाशी उभी. इबूने सगळीकडे नजर फिरवली. एका पातेल्यावरून हात फिरवला, काठावरचा पोचा बोटाने चाचपला. आमच्या जिवात जीव आला.

"छान आहे," ती म्हणाली. "भरलेलं घर आहे. ज्यांचं आहे त्यांना विचारल्याशिवाय हात लावू नका हं, पोरींनो." आणि परत बाकावर जाऊन बसली.

वुरी खालीच बसली. "तिच्याजवळ बसता यावं म्हणूनच केलं ना मी?"

"हो, म्बाक."

"मग आता कुणाजवळ बसू?"

मी चिठ्ठ्या लिहिल्या होत्या. मीही तिच्याशेजारी खाली बसले.

याला आता आठ महिने झाले. वुरीने सकाळची अर्धीच पाळी मागून घेतली. तोवर मी इबूपाशी थांबते. दुपारी चार वाजले की इबू नेसायचं एक सारोंग आणि कंगवा फडक्यात बांधते आणि निघते. घरी जायचंय, नवरा कामावरून येईल, भात टाकायचाय. अडवलं तर रडते. म्हणून वुरी तिच्याबरोबर चालते. गल्लीच्या टोकाला मशीद, मग शाळेची भिंत, मग मागच्या रस्त्याने परत फाटकाशी. कधी इबूला वाटतं, आलं घर, आणि ती आत येते. कधी तिथूनच मान हलवते, आणि पुन्हा फेरी.

परवा तीन फेऱ्या झाल्या. चौथ्या वेळी इबूचे पाय थरथरायला लागले तरी ती आत यायला तयार होईना. "लोकांच्या घरात असं घुसायचं नाही." मी आतून स्टूल आणून दिलं. फाटकाबाहेर रस्त्याच्या कडेला ती बसली, शेजारी आम्ही दोघी कठड्यावर. सूर्यास्ताची, मगरीबची बांग झाली तरी तिघी तशाच.

बू कासिना नमाजाला निघाली होती. आम्हाला बघून थांबली, क्षणभर विचार केला, आणि इबूपुढे वाकून अदबीने म्हणाली, "बू, आज या घरी जेवण आहे. तुम्हाला बोलावलंय. चला ना, मीही येते."

"असं होय?" इबू उठली. सारोंगच्या निऱ्या सारख्या केल्या, केस चापून बसवले. "रिकाम्या हाताने कसं यायचं पण?"

"चालतं हो. घरचीच माणसं आहेत."

बू कासिनाचा हात धरून इबू आत गेली. मागून वुरी गाठोडं घेऊन.