मास्तरांचे एकोणीस किलो

मी वजनकाटा बोलतोय, डॉक्टरबाईंच्या दवाखान्यातला. वीस वर्षं लोक मला तुडवताहेत, त्याचं मला काही नाही. पण चढताना पोट आत घेतात, श्वास रोखतात. जणू मला फसवता येतं!

दुखणं कानाचं असो की बोटाचं, बाई प्रत्येकाला आधी माझ्यावर उभं करतात. आकडा त्याच्या कार्डावर लिहितात आणि मगच म्हणतात, "हं, बोला." टेलरमास्तर तर नेमाने यायचे. "कात्री काढा खिशातली, तिला कुठे ताप आलाय," असं बाई दरवेळी म्हणायच्या. अडुसष्ट, एकोणसत्तर, पुन्हा अडुसष्ट. अशी दहा वर्षं गेली.

मग मास्तरांनी दुकान दूर हलवलं आणि ते यायचे बंद झाले. पोट दुखलं की जो दवाखाना उघडा दिसेल तिथे शिरायचं, असं सुरू झालं.

तीन वर्षांनी ते आले, बायकोला घेऊन, साध्या खोकल्यासाठी. चढले. माझी सुई एकोणपन्नासवर थांबली.

मी हादरलोच. वाटलं, आपणच बिघडलो! बाईंनाही तेच वाटलं. मास्तरांना उतरवून, चपला काढून त्या स्वतः चढल्या. चौसष्ट, कालच्याइतकंच. मी बरोबर होतो, आणि बरोबर असल्याचं इतकं वाईट मला कधीच वाटलं नव्हतं.

बाईंनी जुनं कार्ड काढून पाहिलं. "मास्तर, एकोणीस किलो गेले कुठे?"

"काय सांगता! तीन डॉक्टरांनी वजन केलं, कुणी काही बोललं नाही."

बोलणार काय? त्यांच्यापुढे एक सडपातळ माणूस उभा होता. अडुसष्टचे मास्तर त्यांनी पाहिलेच कुठे होते?

"यांनी स्वतःची पँट तीनदा आत घेतली हो," काकू म्हणाल्या. "मी म्हटलं, बारीक झाले, बरं दिसतंय."

साऱ्या गल्लीची मापं घेणारा माणूस!

बाईंनी पोट तपासलं आणि त्याच दिवशी चिठ्ठी देऊन मोठ्या इस्पितळात धाडलं. आतड्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं. "वर्षभर आधी आला असता तर सोपं होतं," एवढंच बाई म्हणाल्या.

आता मास्तर दर सोमवारी येतात. ते चढले की मला धडकी भरते. काल सुई एकावन्नवर गेली. त्यांनी पँटची शिवण उलटून बाईंना दाखवली. "कापड कापलं नाही मी, आत तसंच ठेवलंय. सैल करायची वेळ येईल ना?"

"येत राहा," बाई म्हणाल्या आणि कार्डावर आकडा लिहिला.

तुम्हीही या बाबांनो, धडधाकट असताना या. तुमचा आधीचा आकडा कुणाला तरी ठाऊक असू द्या.