पाचवी रांग, बावीस नंबर

“म्हणजे नाव नाहीच लिहिलेलं?” मेस्त्रींनी तिसऱ्यांदा विचारलं.

“अहो, नाव दगडावर असतं. वहीत रांग आणि नंबर,” कबरस्तानाचा राखणदार म्हणाला. “माझ्या आजोबांपासून हीच पद्धत. एकच गोष्ट दोनदा कोण लिहीत बसणार?”

मेस्त्रींना हे पटलं. हॉस्पिटलच्या बॉयलरवर अडतीस वर्षं काढलेल्या माणसाला उगाच वाढवलेल्या लिखापढीचा तिटकाराच असतो. त्यांनी खिशातली चिठ्ठी पुन्हा एकदा उघडून पाहिली. अनाथाश्रमाच्या ऑफिसात चार महिने खेटे घातल्यावर ती हाती लागली होती. ‘मुलगा, वय अंदाजे दोन. आई चर्चच्या आवारात, पाचवी रांग, बावीस.’ तो मुलगा म्हणजे मेस्त्रींचे वडील. घराण्याचा इतिहास म्हणावा तर एवढाच, आणि तोही दुसऱ्याच्या अक्षरात.

वडिलांनी स्वतः कधी शोध घेतला नाही. विषय निघाला की म्हणायचे, “गेलेल्यांच्या मागे कशाला लागायचं?” पण शेवटच्या आठवड्यात तापात ते सारखे ‘आई, आई’ करत होते. उशाशी ताई होती, मेस्त्रींची थोरली बहीण. तिने विचारलं, “बाबा, नाव काय हो तिचं?” तर त्यांनी तिच्याकडे नुसतं पाहिलं. त्यांना ते ठाऊकच नव्हतं. ताईच्या मनातून ते पाहणं काही गेलं नाही. आता ती स्वतः वॉर्डात पडली होती. डॉक्टरांनी मेस्त्रींना बाजूला घेऊन सांगितलं होतं, आठवडा काढला तरी पुष्कळ. आणि ताईचं एकच टुमणं होतं.

“मला तिचं नाव कळू दे रे. मग मी मोकळी.”

पाचव्या रांगेत बाविसावा दगड होता! दगड आहे म्हणजे तो बसवणारं कोणीतरी होतं, म्हणजे ती बाई अगदीच वाऱ्यावर नव्हती. चुनखडीचा, कमरेएवढा, एका अंगाला कललेला दगड. त्यावर काळ्या बुरशीचं जाड पुट चढलं होतं आणि त्याखाली कुठेतरी ओळी असल्यासारख्या वाटत होत्या.

“आज नाही वाचता येणार,” राखणदार म्हणाला. “उद्या सकाळी सातला या. तिरपं ऊन पडतं तेव्हा. नुसतं पाणी मारायचं आणि बाजूने बघायचं. मला आता दफनाची तयारी आहे. तोवर हात लावू नका.”

तो गेला. मेस्त्री दगडाजवळ उकिडवे बसले. घड्याळात अडीच वाजले होते. चार ते सहा भेटायची वेळ. उद्या सातपर्यंत ताई असेल का, हे कोणी सांगावं? आणि मळ म्हणजे काय, हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं. बॉयलरच्या नळ्यांवर क्षार बोटबोट चढतो, तो काढला की खालचा धातू लख्ख निघतो. आयुष्यभर दुसरं केलं काय होतं त्यांनी? निवृत्त झाल्यावरही हत्यारांची पिशवी सुटली नव्हती. तारेचा ब्रश होता आणि क्षार काढायचं अ‍ॅसिड अर्धी बाटली होतं.

अ‍ॅसिड पडताच दगड फसफसला. मेस्त्रींना बरंच वाटलं, औषध लागू पडतंय म्हणून. त्यांनी ब्रश चालवला. काळं पाणी ओघळलं आणि खालून अक्षरं वर आली. खरोखर आली. पहिल्या ओळीत चारपाच अक्षरं होती. पण चष्म्यावर शिंतोडे उडालेले. अजून जरा स्वच्छ होऊ दे, मग नीट वाचू, असं म्हणून त्यांनी जोर लावून आणखी चार हात मारले. मग चष्मा सदऱ्याला पुसून डोळ्यांवर चढवला.

दगड पांढराफटक पडला होता. त्यावर काही नव्हतं.

त्यांनी बोटं फिरवून पाहिली. बोटांना पीठ लागलं. मग वेड्यासारखे ते दगडाच्या पायथ्याची माती उकरू लागले. तिथे जमिनीत गाडलेली एक ओळ शाबूत निघाली. ‘पुन्हा भेटेपर्यंत’. त्यांनी मान वळवून शेजारच्या दगडावर पाहिलं. तिथेही तेच होतं. त्या रांगेत सहासात दगडांवर तेच होतं.

राखणदार आला तेव्हा त्याला ओरडायचं होतं, पण म्हाताऱ्याचा चेहरा बघून त्याचा आवाज उतरला.

“काका, जुना दगड आतून भुसभुशीत झालेला असतो. अक्षरं त्या काळ्या पापुद्र्यातच असतात. पापुद्रा गेला की सगळं गेलं.”

“कोणी उतरवून घेतलं असेल? कुठे?”

राखणदाराने नकारार्थी मान हलवली.

चारच्या ठोक्याला मेस्त्री वॉर्डात पोचले. ताई दाराकडे डोळे लावून होती.

“सापडली?”

“सापडली.”

“दगड आहे?”

“आहे.”

ताईने दोन्ही हातांनी त्यांचं मनगट धरलं. तिच्या अंगात एवढी ताकद उरली असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. “सांग लवकर.”

मेस्त्रींनी सगळं सांगितलं. ब्रश, अ‍ॅसिड, चष्मा, काही लपवलं नाही. सांगता सांगता रडले. “ताई, मी वाचायच्या आधी पुसलं गं. माझ्या हाताने पुसलं.”

ताईने मनगट सोडलं.

“एखादं नाव सांगून टाकायचंस,” ती म्हणाली. “कुठलंही. मला काय कळणार होतं?”

हे मेस्त्रींना सुचलंच नव्हतं. दाराशी क्षणभर थांबले असते तर सुचलं असतं. त्यांनी तोंड उघडलं, जीभ एका नावापाशी गेलीही.

“आता नको,” ताई म्हणाली, आणि तिने भिंतीकडे कूस वळवली.

भेटायची वेळ संपायला दीड तास होता. मेस्त्री स्टुलावर बसून राहिले.