नोव्हेंबरातला तो शनिवार

ओडेल प्रुइटने हात वर केला तेव्हा त्याच्या मनात खोट नव्हती, एवढं देवाला ठाऊक आहे.

केल्बी कॉलेजच्या विश्वस्तांत मतं समसमान पडली होती, आणि आता एकट्या ओडेलचं मत उरलं होतं. फुटबॉल सामन्यांचा आपला जुना साखळी-गट सोडायचा आणि किनाऱ्यावरच्या मोठ्या शहरांच्या गटात जायचं, असा ठराव होता. तिकडे टीव्ही असलेली घरं लाखांनी, आणि फुटबॉल दाखवणारी वाहिनी घरं मोजून पैसे देणार; इकडच्या गावांची घरंही मोजून ठरावाला जोडली होती. कॉलेज जगेल, पोरांच्या शिष्यवृत्त्या टिकतील, असा विचार करून ओडेलने ठरावाच्या बाजूने हात उचलला.

नदीपलीकडच्या मार्लो गावच्या कॉलेजशी दर नोव्हेंबरात होणारा सामना बुडेल, हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं. त्याची तारीख दोन्ही गावचे पाद्री चर्चच्या पायरीवर हात मिळवून ठरवत. कॉलेजं ती निमूट पाळत. हरलेल्या गावाने रविवारी जिंकलेल्याच्या चर्चमध्ये जाऊन गायचं. चौसष्ट वर्षं हेच चाललेलं. मग अशी गोष्ट करारात घालायची असते, हे सुचणार कुणाला?

जुलैत वेळापत्रक आलं. नोव्हेंबरातल्या त्या ठरलेल्या शनिवारी केल्बीचा सामना दोन हजार मैलांवर, तोही सकाळी नऊला. ओडेल धावत कॉलेजच्या अध्यक्षीणबाईंकडे गेला.

"एवढी एक तारीख सोडवा हो."

"प्रुइटसाहेब, तारखा आता वाहिनीच्या हातात. मतदानाच्या वेळी बोलला असतात तर करारात एक ओळ घातली असती."

रविवारी तो पूल ओलांडून मार्लोला गेला. तिथला पाद्री थॅडियस त्याचा लहानपणापासूनचा सोबती. त्याचं प्रवचन आधी साधं बोलणं असे, मग बोलण्याला ठेका येई, आणि शेवटी शब्द कधी गाणं झाले ते कळतही नसे. आजही बायका "सांगा, पाद्रीबाबा, सांगा!" म्हणत उभ्या राहिल्या. ओडेलला टाळीही वाजवता येईना.

सगळे गेल्यावर थॅडियस घाम पुसत शेजारी टेकला. "काय रे बेसुऱ्या, आज स्वतःच्या पायांनी आलास? अजून हरला नाहीत तुम्ही!"

"थॅड, सामना होणार नाही."

"ऐकलं. तुमच्या त्या कोटवाल्यांनी घोळ घातला. तू एकटा काय करणार होतास?"

"शेवटचं मत माझं होतं."

थॅडियसचा रुमाल कपाळावरच थांबला.

"तुम्ही टीव्हीची घरं मोजलीत, त्यात मार्लोची किती होती?" त्याने विचारलं.

"चार हजार दोनशे."

"माझं घर धरून?"

"धरून."

"आणि तरी कमी पडली."

थॅडियस उठला. त्याने ओडेलच्या खांद्यावर हात ठेवला, थोडा जड, आणि म्हणाला, "बस हवा तितका वेळ. दार नुसतं ओढून घे जाताना." एरवी दरवेळी तो त्याला हाताला धरून घरी जेवायला नेत असे.

चर्चमागच्या थॅडियसच्या घरातून प्लेटा मांडल्याचा आवाज येत होता. ओडेल बाकावर बसून राहिला.